कोयत्याला आवाज नसतो

सोमवारी सकाळी भोकरदनच्या वन कार्यालयात टपाल आलं, तेव्हा वनपाल अंगद खरात चहाचा पहिला घोट घेत होते. वरचाच कागद हिवरवाडी ग्रामपंचायतीचा होता. तो वाचून त्यांनी कप असा आपटला की निम्मा चहा टेबलावर आला.

"पुन्हा तेच!"

गावालगतच्या सरकारी जंगलात एकाही झाडाला कुऱ्हाड लावू दिली जाणार नाही, असा ठराव ग्रामसभेनं एकमतानं केला होता. सलग तिसऱ्यांदा. खाली सरपंच रामप्रसाद जाधवांची सही, शिक्का आणि शिवाय एक जादा ओळ : 'वनपाल खरात वृक्षतोडीसाठी गावावर दबाव आणत आहेत, याची वरिष्ठांनी नोंद घ्यावी.'

वरिष्ठांच्या आधी मोबाईलनं नोंद घेतली होती. झाडाच्या बुंध्यावर शिक्का उमटवायचा हातोडा हातात घेतलेले अंगदराव, आणि खाली लिहिलेलं, 'जंगल खाणारा वनपाल'. हा फोटो फिरत फिरत छत्रपती संभाजीनगरात शिकणाऱ्या त्यांच्या लेकीपर्यंत पोचला होता. अर्पितानं तो बापाला पाठवून एवढंच विचारलं होतं, "पप्पा, हे खरं आहे?"

एकतीस वर्षांची नोकरी. वनरक्षक म्हणून लागले, वनपाल झाले. भर उन्हाळ्यात ओल्या फांद्यांनी वणवे झोडपले. लाकूड चोरणाऱ्या ट्रॅक्टरला आडवे गेले आणि कपाळावर सहा टाके घेऊन आले. हजारो रोपं जगवली. एवढं करून स्वतःच्या लेकीनं विचारावं, हे खरं आहे का!

ते मागत तरी काय होते? हिवरवाडीच्या जंगलाचे पंधरा भाग पाडायचे. दर वर्षी एकाच भागात जायचं. तिथली वाळलेली, पोकळ, वाकडी आणि गर्दी करणारी झाडं मोजून, शिक्का मारून काढायची. सरळ वाढणारी, बी देणारी आणि ढोलीत पाखरं असलेली ठेवायची. निघालेलं लाकूड आधी गावाला. पंधरा वर्षांनी पहिल्या भागात परत यायचं, तोवर तिथं नवं जंगल उभं. दाट उगवलेली कपाशी जो शेतकरी स्वतःच्या हातानं विरळतो, त्याला हे कळायला हवं होतं. पण 'झाड तोडणे' हे दोन शब्द ऐकले की लोकांचे कान बंद होत.

अंगदराव कागद घेऊन वनक्षेत्रपालांच्या टेबलापाशी गेले. साहेबांनी तो वाचलाही नाही.

"महिनाअखेरपर्यंत गावाची संमती आली तर ठीक. नाहीतर फाईल बंद करू, खरात."

"साहेब, तिथलं जंगल आतून संपत चाललंय."

"झाड तोडलं म्हणून नोकरी जाते. न तोडल्यामुळं कोणाची गेलेली मी तरी पाहिली नाही."

"आणि जंगलच गेलं तर?"

"ते आपण रिटायर झाल्यावर जाईल," साहेब म्हणाले, आणि स्वतःच्याच विनोदावर हसले.

अंगदराव हसले नाहीत. हसता येईना इतका राग आला होता. वनरक्षक भावनाला त्यांनी हाक मारली, मोटारसायकल काढली आणि पिंपळगाव रेणुकाईच्या पुढं डोंगराच्या कडेला असलेली हिवरवाडी गाठली.

रस्त्यावरून पाहणाऱ्याला ते जंगल सुरेख दिसायचं. जाडजूड धावडे, मोह, अधूनमधून साग. कोणी पाहुणा आला की गावकरी अभिमानानं बोट दाखवायचे. पण आत शिरून दोरीनं दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद चौकोन आखला आणि मोजायला लागलं, की चित्र पालटायचं. भावना मोजत गेली आणि वहीत लिहीत गेली. जाडी झाडं नऊ. त्यातली चार वाळलेली नाहीतर आतून पोकळ. मांडीएवढ्या जाडीचं एक. मनगटाएवढं एकही नाही.

"सर, एकही नाही असं कसं होईल?"

अंगदरावांनी बुटानं झुडपांत साचलेला पालापाचोळा सारला. गुडघ्याएवढ्या उंचीवर छाटलेला एक कोवळा खुंट दिसला. त्याच्या शेजारी दुसरा. काहींना वरून माती फासली होती. मोजून सत्तावीस.

तेवढ्यात वरच्या पायवाटेनं डोक्यावर मोळी घेतलेली एक म्हातारी खाली येताना दिसली. मोळीत सगळी मनगटाएवढी, हिरव्या सालीची लाकडं.

"थांबा बाई! ठेवा ती मोळी खाली."

"ठिवते की. पर परत डोक्यावर द्यायला हात लावशीला का?"

भावनाला हसू आलं. अंगदरावांनी तिच्याकडं पाहिलं तसं ते मावळलं.

"गावात कुऱ्हाडबंदी आहे, माहीत नाही का तुम्हाला?"

"माहीत हाय म्हनून तर कोयता आनला." म्हातारीनं कमरेचा कोयता काढून दाखवला. ती थट्टा करत नव्हती. "साहेब, तुमी मला वळखलं न्हाई. म्या वळखलं. मी उषाबाई. मारुतीच्या पारावर तुमीच शपथ दिल्ती आमाला. तवा तुमच्या मिशा काळ्या व्हत्या. जंगलाला कुऱ्हाड लावायची न्हाई, म्हनले तुमी. तवापासून आमच्या घरात कुऱ्हाडच न्हाई. मोडीत घातली."

"अहो, कुऱ्हाड नाही म्हणजे तोडायचंच नाही!"

"मंग चुलीत काय घालावं? गॅस हाय, पाहुना आला तर चहापुरता. भाकरी, पानी, जनावराची आंबोन समदं चुलीवर." ती दगडावर बसली. "वाळका धावडा तोडायचा तर कुऱ्हाड लागती. तिचा आवाज पार पारापर्यंत जातो. पोरं पळत येतेत, फोटू काढतेत, पंचायत दंड लावती. कोयत्याला आवाज नसतो. पोरसवदा झाड, दोन घाव, झालं काम. मी एकलीच करते व्हय? समदं गाव हेच करून राह्यलं. सरपंचाच्या घरची बी."

"कोवळं झाड तोडू नये एवढंही कळत नाही तुम्हाला?" अंगदरावांचा आवाज चढला.

"कळतं की! बिलकुल कळतं." उषाबाईचाही चढला. "मी शेळ्या पाळते, साहेब. म्हातारी, भाकड झाली ती बाजारात नेते, आन् वयात येनारी पाट दावनीला ठिवते. तवा कळप टिकतो. हितं उलटं झालं. भाकड ठिवायची आन् पाटी कापायच्या, असा नियम तुमी करून ठिवला, आन् आता मलाच इचारता कळत न्हाई का म्हनून!"

अंगदरावांची नजर पुन्हा खुंटांकडं गेली. शपथ कोणी दिली होती? त्यांनीच. टाळ्या कोणी घेतल्या होत्या? त्यांनीच. तालुक्याचं प्रशस्तिपत्र घेताना त्यांनी छाती फुगवून फोटो काढून घेतला होता. पण गावाला सरपण लागतं, औताला लाकूड लागतं, घराला वासा लागतो, ते कुठून येणार, हा प्रश्न त्या दिवशी पारावर कोणी विचारला नाही आणि त्यांनीही काढला नाही. सकाळपासून गावावर असलेला राग आता त्यांच्या स्वतःवर उलटला.

मोळी जप्त करायची होती. त्यांनी ती उचलून उषाबाईच्या डोक्यावर दिली.

दोन दिवसांनी भावनाचा फोन आला. सरपंच रामप्रसाद यांचे वडील धर्मराज आबा गेले. पारावर सगळ्यात आधी शपथ घेणारे तेच होते. अंगदराव तडक निघाले.

हिवरवाडीत जुनी रीत आहे. कोणी गेलं की घरटी एक लाकूड स्मशानात पोचतं. मेलेल्याशी हयातभर बांधाचं भांडण असलं, तरी लाकूड चुकत नाही. त्या दिवशीही एकेक माणूस खांद्यावर लाकूड घेऊन आला आणि ओढ्याकाठी ठेवून बाजूला उभा राहिला. सरण रचलं गेलं. अंगदराव ते पाहत होते आणि त्यांच्या कपाळाची शीर ताठत चालली होती. एकही लाकूड वाळलेलं नव्हतं. सगळी कोवळी, मनगटाएवढी. धावडा, साग, पुन्हा धावडा. काहींच्या टोकाला अजून पानं होती.

रामप्रसादनं अग्नी दिला. आग धरली नाही. गवत जळून गेलं, साली चरचरल्या, लाकडांच्या टोकांतून फेस आला आणि दाट पांढरा धूर सगळ्यांच्या तोंडावर आला. कोणी ट्रॅक्टरमधलं डिझेल आणलं. भडका उडाला आणि बसला. पुन्हा डिझेल, पुन्हा तेच. तास गेला. लोक एकमेकांची नजर चुकवू लागले. बापाचा देह अर्धवट जळालेला आणि लेक धुरात उभा, यापेक्षा मोठी विटंबना कोणती?

"ओलं हाय. न्हाई पेटनार," मागं उभा असलेला सुतार रशीद मिस्त्री हळूच म्हणाला.

रामप्रसाद अंगदरावांपुढं आला. डोळे लाल, आवाज फाटलेला. "खरातसाहेब, तुमच्या खात्याकडं वाळकं लाकूड असंल तर द्या. हात जोडतो तुम्हाला."

इतका वेळ आवरलेला राग तिथं सुटला.

"सरपंच, वर बघा! तो धावडा दिसतो? इथून शंभर पावलं नसेल. चार वर्षं झाली वाळून उभा आहे. त्याच्यावर शिक्का मारायला मी तुमच्याकडं तीनदा संमती मागितली, तीनदा तुम्ही नाही म्हणालात. आज मी त्याला हात लावला तर तुमच्याच ठरावानं मी चोर ठरतो! आणि इथं सरणावर काय रचलंय तेही बघा. वीस वर्षांनी जे जंगल होणार होतं, ते आहे हे. आबांनी शपथ घेऊन राखलेलं जंगल तुम्ही आबांच्याच खाली जाळायला आणलंत, आणि तेही जळत नाही!"

"मयतीत भाषन नका करू साहेब!" गर्दीतून आवाज आला. तो संपत होता, फोटो फिरवणारा.

बोललेलं खरं होतं, पण वेळ ती नव्हती, हे अंगदरावांनाही कळलं. त्यांनी मान खाली घातली.

रशीद मिस्त्री मात्र जागचा हलला होता. "रामप्रसादभाऊ, माझ्याकडं कडूलिंबाच्या फळ्या हायेत. दाराच्या चौकटीसाठी दोन साल वाळवल्या. ट्रॅक्टर पाठवा, जल्दी."

"मिस्त्री, तुझं काम..."

"काम व्हत राहील. आबानं माझं पहिलं दुकान मांडून दिल्तं."

फळ्या आल्या. पंधरा मिनिटांत सरण धडधडून पेटलं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी शाळेच्या आवारात ग्रामसभा भरली. सरपंचाचं डोकं भादरलेलं होतं, केस नुकते उगवू लागले होते. तीन वेळा 'नाही' म्हटलेल्या गावापुढं अंगदराव चौथ्यांदा उभे राहिले. आज होकार आला नाही, तर फाईल बंद होणार होती आणि उरलीसुरली कोवळी झाडं दोन वर्षांत चुलीत जाणार होती. हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

"आधी माझी चूक सांगतो," ते म्हणाले. "कुऱ्हाडबंदी मी लावली. माझा हेतू चांगला होता, पण अक्कल अर्धी होती. तोडू नका एवढंच सांगितलं. लागेल ते लाकूड कुठून घ्यायचं, हे सांगितलं नाही. परवा बावीस ठिकाणी दोरी लावून मोजलं. म्हातारी झाडं उभी आहेत, तरणी गेली. ज्या घरात नुसते म्हातारे उरतात, त्या घराला कुलूप लागायला किती दिवस लागतात?"

खाली बसलेल्यांपैकी निम्म्यांची पोरं पुण्यात नाहीतर सुरतेत होती.

संपत उठला. "गोड बोलून राह्यले साहेब. एकदा दार उघडलं की ट्रकच्या ट्रक भरून जातील. शिक्का एका झाडावर आन् करवत दुसऱ्यावर! पाह्यलंय आम्ही दुसऱ्या गावाला. ह्ये वखारवाल्याला मिळालेले हायेत."

टाळ्या पडल्या. भावना रागानं उठू लागली, तिला अंगदरावांनी हातानं बसवलं.

"संपत, तुझी भीती खोटी नाही. शिक्का ज्याच्या हातात असतो, तो प्रत्येक माणूस सरळ नसतो. म्हणून माझ्यावर विश्वास ठेवू नका. मोजा! मी शिक्का दोन जागी मारणार. एक छातीच्या उंचीला, तो लाकडाबरोबर जाईल. दुसरा पार बुडाशी, तो खुंटावर राहील. तोड झाली की गावानं खुंट तपासायचे. बिनशिक्क्याचा एक खुंट सापडला, तर तिथंच काम बंद. वरती कळवा, मला निलंबित करायला लावा. तुझ्याकडं मोबाईल आहेच."

लोक हसले. संपतही कसनुसा हसला, पण बसला नाही. "आन् तोडलेलं झाड परत येतं का?"

"खुंट वीतभर ठेवला, तिरका कापला, वर पाणी साचू दिलं नाही आणि दोन वर्षं शेळी आत सोडली नाही, तर धावडा बुडातून फुटतो. गुडघ्याएवढा खुंट ठेवून कोयत्यानं चिंधडला, तर फुटवा निघतो तो वाऱ्यानं निखळतो. हे मी पुस्तकातून सांगत नाही. पलीकडच्या उतारावर चला, दोन्ही दाखवतो."

"हे समदं ठीक हाय, पर गावाची शपथ हाय!" एक म्हातारा गरजला. "शपथ मोडायची का?"

बायकांच्या रांगेतून उषाबाई उभी राहिली.

"बस गं उषे, बायांचं काय काम?" कोणीतरी म्हणालं.

"चूल काय तू पेटवितो व्हय रे?" ती वळून म्हणाली. आवारभर हशा झाला. मग तिनं समोरच्या पुरुषांवरून नजर फिरवली. "शपथ, शपथ! आबाच्या मयतीला घरटी एक लाकूड आनलं ना तुमी? कुटून आनलं, हे एकेकानं उठून सांगा. चला. शपथ घालते मी."

कोणी उठलं नाही. शाळेच्या भिंतीला टेकलेले पुरुष पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागले. ज्या गावानं वनपालाला चोर म्हटलं होतं, त्या गावात त्या घटकेला वर पाहणारा माणूस नव्हता!

खुर्चीवरून रामप्रसाद उठला.

"मी सांगतो. आमच्या घरचं लाकूड आमच्या गड्यानं वरच्या खोऱ्यातून आनलं. सागाचं. पानं बी झाडली नव्हती त्यानं. मी पाह्यलं, आन् गप बसलो." त्यानं भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवला. "तीन ठराव माझ्या सहीचे हायेत. दर वेळी सही करताना मला बरं वाटायचं, की गाव लई निसर्गप्रेमी हाय. संध्याकाळी घरी गेलो की चुलीत तेच जंगल जळायचं. ते मी पाहत नव्हतो. बापाच्या सरणातला धूर डोळ्यात गेला, तवा दिसलं. आबाला आग द्यायला माझ्या जंगलात वाळलं झाड हाय, अन् मला ते घेता येत न्हाई, हा नियम न्हाई, हा ढोंगीपना हाय. खरातसाहेब, तुमच्यावर लिहिलेली ती ओळ मी परत घेतो. जाहीर घेतो."

त्यानं स्वतःच प्रस्ताव मांडला. पंधरा भाग, दर वर्षी एक. बुडाशी शिक्का, गावाची मोजणी. निघालेल्या लाकडातून आधी स्मशानात वाळलेल्या लाकडाचा साठा, मग औतं, मग घरटी सरपण. मोजणीच्या समितीत निम्म्या बायका. कोवळ्या झाडाला कोयता लावला, तर सरपंचाचं घर असो की कोणाचं, तोच दंड.

"ज्यांना बराबर वाटतं त्यांनी हात वर करा."

बायकांचे हात आधी वर गेले. मग रशीद मिस्त्रीचा. मग एकेक करत भिंतीला टेकलेल्यांचे. भावनानं मोजले, एकशे त्रेसष्ट. विरोधात अकरा. त्यात संपत होता.

"माझा विरोध कायम हाय," तो म्हणाला. "पर खुंट मोजायला मला ठेवा. एक जरी बिनशिक्क्याचा घावला, तर साहेबांना सोडनार न्हाई."

"मला असाच माणूस पाहिजे," अंगदराव म्हणाले. त्या सभेत ते पहिल्यांदाच मोकळेपणानं हसले. त्यांनी ठरावाची प्रत भावनाकडं दिली, तिनं ती दोनदा वाचली, आणि दोघं उजेड असेतो पहिल्या भागाची हद्द आखायला निघाले. संपत मागून चालत आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

वाचकहो, सार्वजनिक जंगल कोणाचं, असं विचारलं तर आपण सगळे 'आमचं' म्हणतो. मग त्याचा हिशेब कोण ठेवतो? बंदी घातली की आपलं कर्तव्य संपलं असं समजणारी गावं, कचेऱ्या आणि शहरातले झाडप्रेमी आपल्याकडं कमी नाहीत. त्यांच्या घरातलं कपाट, दार, सरपण आणि सरण कुठून तरी येतच असतं. उघडपणे, मोजून, नियमानं तोडलेलं झाड जंगलाला जागा करून देतं. लपून तोडलेलं कोवळं झाड जंगलाचा वंश बुडवतं. जे आपल्याला लागतं, ते घ्यायची सरळ वाट आपणच ठेवली नाही, तर चोरवाट आपणच पाडली असं समजावं. आणि जो माणूस मोजा म्हणून छातीठोक सांगतो, त्याला चोर म्हणण्याआधी एकदा त्याच्याबरोबर जंगलात जाऊन खाली वाकावं, पाला बाजूला सारावा आणि स्वतःच्या डोळ्यांनी खुंट मोजावेत.